जो बरोचा आत्मविश्वास: तुम्हाला भावतो की खटकतो?

नदीकाठ (धागाकर्ता)

२२ जानेवारी २०२२ला नॅशव्हिलमध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या आपल्या सिनसिनाटी बेंगल्सनी टेनेसी टायटन्सना १९-१६ असं हरवलं. त्या एका सामन्यात आपला क्वार्टरबॅक जो बरो ९ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच त्याला ९ वेळा खाली पाडलं गेलं. इतका मार खाल्लेला माणूस पत्रकारांसमोर येतो तेव्हा नशिबाचे आभार मानतो. बरोने तसं काही केलं नाही. आम्हाला दुबळा संघ, चमत्कार करणारा संघ म्हणणं आता पुरे, आम्ही खरोखरच फार चांगला संघ आहोत, अशा अर्थाचं तो अगदी सपाट आवाजात बोलला.

ते वाक्य सिनसिनाटीत कसं ऐकलं गेलं हे बाहेरच्यांना समजायचं तर थोडा इतिहास हवा. हा संघ १९६८चा. तोपर्यंत दोनदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, जानेवारी १९८२ आणि जानेवारी १९८९, आणि दोन्ही वेळा सॅन फ्रान्सिस्कोकडून हरला. दुसऱ्या वेळी तर शेवटचे ३४ सेकंद उरले असताना. जानेवारी १९९१ नंतर ३१ वर्षं प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, एकही विजय नाही. २०११ ते २०१५ सलग पाच हंगाम प्लेऑफ गाठली आणि पाचही वेळा पहिल्याच सामन्यात बाहेर. त्यातला शेवटचा, पिट्सबर्गविरुद्धचा १८-१६चा पराभव, ज्यांनी पाहिला त्यांना आठवण करून द्यायला नको. सामना हातात होता आणि आपल्याच खेळाडूंनी डोकं फिरवून घेतल्यामुळे आपल्यावर पेनल्ट्या लागल्या. २०१९ साली १६ पैकी २ सामने जिंकलो.

इतकी वर्षं असं गेलं की चाहत्याला एक सवय लागते. पुढे असलो तरी मनात आधीच पराभवाची तयारी करून ठेवायची, म्हणजे नंतर कमी दुखतं. माझं तेच झालं होतं, आणि इथल्या माझ्या अमेरिकन शेजाऱ्यांचंही.

बरोने ती सवय मोडली. आणि त्याने कधी करंडकाची हमी दिली नाही, छाती ठोकली नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध गुडघ्याचे अस्थिबंध फाटले, पहिलाच हंगाम संपला, तेव्हा त्याने ट्विट केलं की माझ्यापासून इतक्या सहज सुटका नाही, पुढच्या वर्षी भेटू. आणि पुढच्या वर्षी तो खरंच सुपर बोलमध्ये होता. हरलो, २३-२०, रॅम्सकडून. पण त्या आठवड्यात पहिल्यांदा मला जिंकण्याची भीतीयुक्त आशा नाही, तर सरळ अपेक्षा होती.

आता २०२३, २०२४ आणि २०२५ असे तीन हंगाम प्लेऑफविना गेलेत. गटात (आमचा बेंगल्स बघणाऱ्या मराठी मंडळींचा) दोन तट पडलेत. काहींना त्याचं ते थंड बोलणं आता टोचतं. मला अजूनही तोच या संघाचा कणा वाटतो. म्हणून हा धागा. मनापासून लिहा.

अनुजा_कोथरूड

मी पुण्यात राहते, भाऊ डेटनला असतो म्हणून या खेळाची नावं कानावर पडतात. एक मूलभूत प्रश्न. संघात इतके खेळाडू असताना सगळं एका क्वार्टरबॅकवर का येतं? तो कर्णधार असतो म्हणून?

नदीकाठ

अनुजाताई, कर्णधार अनेक असतात. क्वार्टरबॅकचं काम वेगळं आहे. प्रत्येक चाल सुरू होताना चेंडू त्याच्या हातात येतो. त्याआधी प्रशिक्षक त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर चाल सांगतो, तो ती हडलमध्ये, म्हणजे चालीआधीच्या घोळक्यात, बाकी दहा जणांना सांगतो. घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. तिथून पुढे तो एकटा. समोरचे अकरा जण कसे उभे आहेत ते बघून सांगितलेली चाल बदलायची की तीच ठेवायची हे त्यानेच ठरवायचं, तेही हजारो लोकांच्या आरडाओरड्यात.

उदाहरण देतो. सप्टेंबर २०२१, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा बरोचा पहिला सामना, मिनेसोटाविरुद्ध. जादा वेळ चालू. चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, हवं होतं जेमतेम एक यार्ड, आणि चुकलं तर चेंडू समोरच्यांना. सगळं स्टेडियम धरून चाललेलं की कुणीतरी चेंडू पोटाशी धरून घुसणार. बरोने समोरची रचना पाहिली, तिथेच चाल बदलली आणि सी. जे. युझोमाला ३२ यार्डांचा पास दिला. त्यावर आपल्या मॅक्फर्सनने फील्ड गोल (लाथेने मारलेला, ३ गुणांचा) मारला आणि २७-२४ जिंकलो.

असा निर्णय घेणारा माणूस मनात कचरत असेल तर बाकीच्या दहा जणांना ते हडलमध्येच कळतं. म्हणून या खेळात क्वार्टरबॅकचा आत्मविश्वास ही त्याची खासगी बाब राहत नाही.

नॉर्वुडकर

+१. तो युझोमाचा पास मी स्टेडियममध्ये पाहिला. शेजारचे आजोबा ‘हू डे’ ही आपली घोषणा ओरडायचंच विसरले होते.

कोलंबसकर

माझं मत थोडं वेगळं आहे, आणि मी क्लीव्हलंड ब्राउन्सचा चाहता आहे हे आधीच सांगतो.

आम्हीही एका बेधडक क्वार्टरबॅकवर जीव टाकला होता. बेकर मेफील्ड. सप्टेंबर २०१७मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाकडून खेळताना ओहायो स्टेट विद्यापीठाला इथे कोलंबसमध्ये ३१-१६ हरवलं आणि पठ्ठ्याने आमच्याच मैदानाच्या मधोमध झेंडा रोवला. (बरो तेव्हा ओहायो स्टेटच्याच संघात होता, राखीव.) मला राग आला होता. पण पुढच्याच वर्षी ब्राउन्सनी त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने घेतलं आणि तोच उद्धटपणा मला आवडायला लागला. जानेवारी २०२१मध्ये पिट्सबर्गला त्यांच्याच घरी ४८-३७ हरवलं, त्या रात्री मी झोपलोच नाही. पुढच्या हंगामात त्याचा खांदा दुखावला, तो तसाच खेळत राहिला, निकाल बिघडले. त्यानंतर ज्या बोलण्यासाठी आम्ही त्याला डोक्यावर घेतलं होतं त्याच बोलण्यावरून लोक त्याला शिव्या द्यायला लागले. २०२२ला तो गेला.

म्हणून मला भीती वाटते ती चाहत्यांची. जिंकतोय तोवर कणा, हरला की माज. बेकर तोच होता, आम्ही बदललो. टॅम्पाला जाऊन तो पुन्हा उभा राहिला तेव्हा मला आनंद झाला आणि लाजही वाटली. बेंगल्सवाल्यांनी बरोचं तसं करू नये.

लाइनमन६६

सगळ्यांचा आदर राखून सांगतो, आत्मविश्वासाने समोरचा कुणी अडवला जात नाही. अडवायला क्वार्टरबॅकपुढची पाच माणसं, म्हणजे लाइनमन, लागतात.

२०२१च्या नेहमीच्या हंगामात बरो ५१ वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वाधिक. प्लेऑफच्या चार सामन्यांत आणखी १९. एकूण ७०. सुपर बोलमध्येच ७. शेवटच्या चौथ्या डाउनला आरन डॉनल्डने त्याला धरून गरगर फिरवलं तेव्हा आपला पास झेलणारा जामार चेस पलीकडे मोकळा पळत होता. अर्धा सेकंद जास्त मिळाला असता तर आज आपण हा धागा वेगळ्या सुरात वाचत असतो.

२०२४ घ्या. बरोने ४९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन पास (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणारे) दिले, दोन्हींत लीगमध्ये पहिला. चेस झेल, यार्ड आणि टचडाउन तिन्हींत पहिला. आणि संघ ९ विजय, ८ पराभव, प्लेऑफच्या बाहेर, कारण आपल्या बचावफळीला कुणाला थांबवता येत नव्हतं. अशा वर्षी ‘नेतृत्व कुठे कमी पडलं’ हा प्रश्न क्वार्टरबॅकला विचारणं मला अन्यायाचं वाटतं. आणि उलटं, ‘त्याचा विश्वास आहे ना, होईल सगळं’ असं म्हणणंही तितकंच घातक, कारण त्यामुळे मालक आणि व्यवस्थापन सुटतात.

नदीकाठ

लाइनमन, आकड्यांवर वाद नाही. पण ७० वेळा पडलेला माणूस उठून हडलमध्ये परत येताना एकदाही आपल्या लाइनमनकडे हात करत नाही, सामन्यानंतर एकदाही त्यांच्यावर ढकलत नाही, हे तुम्ही स्वतः लाइनमन असल्यामुळे माझ्यापेक्षा जास्त ओळखाल. नॅशव्हिलच्या नऊ सॅकनंतर त्याच्या बोलण्यात ‘आम्ही’ होतं.

लाइनमन६६

ते मान्य. मी शाळेत असताना टॅकल, म्हणजे त्या पाचांतल्या एका जागी, खेळलोय. क्वार्टरबॅकने मान हलवून नाराजी दाखवली की पुढच्या चालीला पाय जड होतात. बरोसाठी ती माणसं जीव तोडून खेळतात, हे दिसतं. माझं म्हणणं इतकंच की जीव तोडून खेळणाऱ्यांपेक्षा चांगली माणसं विकत घ्या.

निशिगंध

मला खेळातलं तंत्र फार कळत नाही, नवऱ्यामुळे बघायला लागले. पण २ जानेवारी २०२३च्या रात्री आम्ही स्टेडियममध्ये होतो, म्हणून लिहितेय.

बफेलोविरुद्धचा सामना, सोमवारची रात्र, शहरात महिनाभर त्याचीच चर्चा. पहिल्याच क्वार्टरमध्ये बफेलोचा डमार हॅमलिन टॅकल करून उठला आणि मागच्या मागे कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. मैदानावरच छातीवर दाब देणं सुरू झालं. बफेलोचे खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे, अनेकजण रडत होते. साठ-पासष्ट हजार माणसं आणि अजिबात आवाज नाही. अॅम्ब्युलन्स गेली तरी कुणी उठेना.

त्यानंतर सामना पुढे चालू होणार की नाही हे कुणालाच कळत नव्हतं. नंतर समजलं की त्या वेळात बरो आणि आपले बाकीचे कर्णधार बफेलोच्या ड्रेसिंग रूमपाशी गेले होते, तुमच्या मनात जे असेल त्यात आम्ही तुमच्या सोबत आहोत हे सांगायला. आपले प्रशिक्षक झॅक टेलर आणि बफेलोचे शॉन मॅकडरमॉटही एकमेकांशी बोलत होते. सामना थांबला. हॅमलिनला इथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ सिनसिनाटीच्या रुग्णालयात नेलं, तो वाचला, पुढच्या हंगामात खेळलाही.

ज्या माणसाला सगळे थंड डोक्याचा म्हणतात त्याचं ते थंड डोकं त्या रात्री कशासाठी वापरलं गेलं ते मी विसरू शकत नाही. त्याचं वय तेव्हा २६. माझ्या धाकट्या भावाएवढा. आत्मविश्वास असलेल्या माणसालाच समोरच्या संघाच्या दारात जाऊन उभं राहता येतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

तीन आठवड्यांनी आपण बफेलोला त्यांच्या बर्फात २७-१० हरवलं. तेव्हा लीगने बफेलो-कॅन्सस सिटी सामना होईल असं धरून अटलांटाच्या तटस्थ मैदानाची तिकिटं आधीच विकायला काढली होती. पैसे परत पाठवायला लागा, असं बरो म्हणाला. तेही मला आवडलं! दोन्ही माणसं एकच आहेत.

रविवारची_शिफ्ट

निशिगंध, वाचून गळा भरून आला. मी त्या रात्री ड्युटीवर होतो, रेडिओवर ऐकत होतो.

पण त्या बफेलोच्या विजयानंतर जे झालं तेही या धाग्यात यायला हवं, कारण माझ्या मते खऱ्या आत्मविश्वासाची आणि उसन्याची परीक्षा त्याच आठवड्यात झाली. २०२२ या एका वर्षात आपण कॅन्सस सिटीला तीनदा हरवलं होतं, तिन्ही वेळा फक्त ३ गुणांनी. त्यांचं मैदान ॲरोहेड. आपल्या माइक हिल्टनने कॅमेऱ्यात बघून ते ‘बरोहेड’ करून टाकलं. मग आपले महापौर आफताब पुरेवाल. त्यांचे वडील पंजाबी, आई तिबेटी निर्वासित, आपल्या लोकांना त्यांचं केवढं कौतुक, मलाही होतं. त्यांनी एक व्हिडिओ काढला आणि बरो हा कॅन्ससच्या क्वार्टरबॅक महोम्सचा बाप आहे का याची तपासणी करावी, असं त्यात म्हणाले.

बरो स्वतः काय म्हणाला? हरवायचा संघ अजून तोच आहे, सामना अवघड जाणार. बस.

२९ जानेवारीला सुजलेल्या घोट्याने महोम्स खेळला. २०-२० असताना आपल्या जोसेफ ओसाईने त्याला सीमारेषेबाहेर ढकललं, १५ यार्डांची पेनल्टी, तीन सेकंद असताना त्यांच्या बटकरचा फील्ड गोल, २३-२०. सामन्यानंतर त्यांच्या ट्रॅव्हिस केल्सीने व्यासपीठावरून आपल्या महापौरांचा उद्धार केला आणि खाली मान घालण्यावाचून आपल्याकडे काही उरलं नाही.

त्या रात्री मला सर्वात जास्त वाईट बरोसाठी वाटलं. त्याच्या नावाने इतरांनी फुशारक्या मारल्या आणि किंमत त्याच्या नावावर लागली. ‘बरोहेड’ हा शब्द त्याने उच्चारला नव्हता. आजही कॅन्ससवाले तो शब्द त्याच्याच तोंडी घालतात.

एडिसनचा_जेट्सवाला

मी न्यू जर्सीत आहे, जेट्सचा चाहता, त्यामुळे दुःख या विषयात तुम्हा सर्वांपेक्षा ज्येष्ठ. हमी देण्याची गोष्ट निघाली की आमच्याकडे एकच नाव, आमचा जुना क्वार्टरबॅक जो नेमथ.

जानेवारी १९६९, मायामी. तिसरा सुपर बोल. बाल्टिमोर कोल्ट्सनी नेहमीच्या हंगामात १४ पैकी १३ सामने जिंकलेले, आणि जुगारी लोक त्यांना १८ गुणांनी पुढे धरत होते. जेट्स ज्या लीगमधून आले होते ती एएफएल दुय्यम समजली जायची. सामन्याच्या तीन दिवस आधी एका समारंभात प्रेक्षकांतून कुणीतरी डिवचलं, तेव्हा नेमथ म्हणाला की रविवारी आम्ही जिंकणार, हमी देतो. प्रशिक्षक वीब यूबँक भयंकर चिडले, कारण कोल्ट्सना गाफील ठेवायचा त्यांचा बेत होता. जेट्स १६-७ जिंकले.

लोक विसरतात ते हे: त्या सामन्यात नेमथने एकही टचडाउन पास दिला नाही. २८ पैकी १७ पास, २०६ यार्ड. जेट्सचं एकमेव टचडाउन मॅट स्नेलचं, तो १२१ यार्ड पळाला. नेमथने काय केलं, तर चाल सुरू होण्याआधी रेषेवर उभं राहून कोल्ट्सची रचना वाचली आणि चाली बदलत राहिला. चौथ्या क्वार्टरमध्ये पुढे असताना एकही पास टाकला नाही. बोलणं बेफाम, खेळणं अत्यंत संयमी. जेट्सच्या खेळाडूंनी फिल्म बघून आधीच ओळखलं होतं की हा संघ आपल्याला झेपतो. नेमथने ते फक्त सर्वांदेखत म्हटलं.

तुमचा बरो मला त्याच जातीचा वाटतो, गळ्यात साखळी आणि हातात सिगार असला तरी. त्या जानेवारीनंतर आम्ही पुन्हा कधी सुपर बोलमध्ये पोचलो नाही. म्हणून सांगतो, असा माणूस संघात आहे तोवर त्याच्यावर शंका घेत वेळ घालवू नका.

कोलंबसकर

जेट्सवाले काका, चौथ्या क्वार्टरची गोष्ट मला ठाऊक नव्हती. धन्यवाद.

मावळतीकडे

मी एथेन्सला, ओहायो युनिव्हर्सिटीत काही वर्षं होते. बरो तिथलाच, त्याचे वडील विद्यापीठाच्या बचावफळीचे प्रशिक्षक होते. तो भाग सुंदर आहे पण गरिबी खूप. विद्यापीठाबाहेर जरा गाडी नेली की कळतं.

डिसेंबर २०१९मध्ये त्याला एलएसयूकडून (लुईझियाना स्टेट विद्यापीठ) खेळताना हाइझमन करंडक, म्हणजे विद्यापीठांतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला. ओहायो स्टेटमध्ये बाकावर बसून काढलेली वर्षं, मग लुईझियानाला जाणं, मग एका हंगामात ६० टचडाउन पास आणि १५ पैकी १५ विजय. तिथे उभा राहून तो रडला, आणि बोलला कशाबद्दल, तर आमच्या भागातली मुलं शाळेतून उपाशी घरी जातात त्याबद्दल. एथेन्स काउंटीच्या अन्नपेढीला लोकांनी पुढच्या काही दिवसांत पाच लाख डॉलरच्या वर दिले. इतके पैसे त्या पेढीने कधी पाहिले नव्हते.

त्याला गर्विष्ठ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते. सगळा देश आपल्याकडे बघतोय त्या क्षणी आपल्या गावाची भूक सांगायला वेगळी हिंमत लागते. अनेकांना गाव सांगायचीच लाज वाटते.

ब्लू_अॅशचा_बापू

सर्व वाचलं. माझी तक्रार खरी आहे म्हणून मांडतो. मुलगा ११ वर्षांचा, त्याच्या भिंतीवर ९ नंबरची जर्सी आहे. २०२०ला गुडघा, २०२३ला मनगट, २०२५च्या दुसऱ्याच सामन्यात पायाचा अंगठा. दर वेळी मुलगा विचारतो, बाबा, आता? बरोला एकदा विचारलं होतं की जिंकायची संधी अजून किती वर्षं आहे, तर माझी सगळी कारकीर्द हीच संधी, असं तो म्हणाला. तेव्हा टाळ्या वाजवल्या. आता वाटतं, कारकिर्दी संपतात हो. मला त्याने थोडी घाई केलेली आवडेल. मालकांवर ओरडलेलं आवडेल.

नदीकाठ

बापू, तुमच्या मुलाचा प्रश्न माझ्या घरातही आहे.

ओरडण्याबद्दल मात्र सांगतो. २०२४चा हंगाम संपत असताना आपला दुसरा पास झेलणारा टी हिगिन्स, त्याचा करार संपत होता, चेसचा नवा करार अडला होता, आणि आपले मालक दोघांना एवढे पैसे देतील असं कुणालाच वाटत नव्हतं. बरोने जाहीरपणे, पुन्हा पुन्हा सांगितलं की ही माणसं मला हवीत, आणि त्यासाठी स्वतःच्या करारात फेरफार करायची तयारी दाखवली. मार्च २०२५मध्ये चेसला चार वर्षांचे १६१ दशलक्ष आणि हिगिन्सला ११५ दशलक्ष डॉलर मिळाले. या मालकांकडून असं करवून घेणारा दुसरा खेळाडू मी पाहिला नाही. आवाज न चढवता त्याने ते केलं.

आणि अंगठ्याचं. शस्त्रक्रिया झाली, संघ तोवर घसरला होता, हंगाम हातचा गेला असं सगळे धरून होते. त्याला घरी बसायला कुणी नाव ठेवलं नसतं. तो थँक्सगिव्हिंगच्या रात्री बाल्टिमोरला परत आला आणि आपण ३२-१४ जिंकलो. पुढे काही साधलं नाही, मान्य. पण ज्या हंगामात मिळवण्यासारखं जवळपास काही उरलं नव्हतं तिथे तो परतला, कारण त्या ड्रेसिंग रूममधली बाकीची माणसं खेळत होती.

लाइनमन म्हणतात ते बरोबरच आहे, त्याला माणसं द्या. ती मागणी मी बरोकडे नाही, मालकांकडे करतो, आणि दर वर्षी तिकिटं घेताना त्यांना तसं लिहूनही कळवतो. तुम्हीही कळवा.

ब्लू_अॅशचा_बापू

पटलं, अर्धं. पत्र लिहितो. मजकूर इथेच टाका, सगळे मिळून पाठवू.

लाइनमन६६

मजकुरात पहिली मागणी गार्डची, म्हणजे त्या पाचांतल्या अडवणाऱ्याची. दुसरी बचावफळीची. बाकी नंतर.